टेबलावरची पुस्तके आणि शैलजाताई

शैलजाताई माने यांची आणि माझी ओळख त्यांच्या आवाजापासून झाली. बडोद्याच्या आमच्या विद्यापीठात आहारशास्त्राची अध्यापिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. ग्रंथालयात शिरले तर भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि बरोबर त्या पाटीखाली उभ्या राहून एक बाई दालनाच्या दुसऱ्या टोकाला खणखणीत सांगत होत्या, “सर, पुस्तक जागेवर ठेवू नका! टेबलावर ठेवा, टेबलावर!” चौकशी केली तेव्हा कळले की ग्रंथपाल त्याच. इतक्या वर्षांत त्या दालनात त्यांच्याहून मोठ्याने बोलणारे दुसरे कुणी मला भेटलेले नाही.

मी माझ्या हातातली पुस्तकांची यादी पुढे केली. ताईंनी ती न वाचताच टेबलावर पालथी घातली आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवले. “बसा. नावं मग बघू. तुम्हाला शोधायचंय काय, ते सांगा.” मी म्हटले, शंभर वर्षांपूर्वी या शहरात बाळंतिणीला काय खायला देत, ते मला शोधायचे आहे. “मग ही इंग्रजी पुस्तकं काय कामाची? चला वर.” वरच्या मजल्यावर मराठी विभाग होता. संस्थानच्या काळात छापलेली पाकशास्त्राची, आरोग्याची, गृहव्यवस्थेची पुस्तके तिथे ओळीने उभी होती. माझे पुढचे सगळे संशोधन त्या कपाटांवर उभे राहिले, हे मी आज या गौरवग्रंथात जाहीरपणे नोंदवते.

शैलजाताई बडोद्याच्याच. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते आणि घरात अजून मराठी बोलली जाते, तीही मधूनमधून गुजराती ‘बराबर’ आणि ‘चालशे’ पेरून. विद्यापीठात सगळे त्यांना ‘बेन’ म्हणतात. आम्ही मोजकी मराठी मंडळी ‘ताई’. कारेलीबागेतून त्या स्कूटरवर येतात आणि ती इतक्या सावकाश चालवतात की रस्त्याने चालणारी ओळखीची माणसे त्यांच्याशी गप्पा मारत सोबत येऊ शकतात. कामात मात्र हा सावकाशपणा कुणी कधी पाहिला नाही.

अध्यापकांनी ग्रंथालयात यायची वाट पाहत बसणे त्यांना मान्यच नव्हते. त्या विभागाविभागांत जात आणि नव्या अध्यापकाला घरबसल्या संशोधनपत्रिका कशा उघडायच्या ते त्याच्याच संगणकावर शिकवत. एकदा आमच्या विभागातील एक तरुण सहकारी मोठ्या आनंदात आले. कुठल्याशा पत्रिकेने त्यांचा लेख एका रात्रीत स्वीकारला होता. ताईंनी पत्रिकेचे संकेतस्थळ पाहिले आणि विचारले, “भाई, एका रात्रीत तुमचा लेख वाचला कोणी?”  मग ताईंनीच त्यांच्याबरोबर बसून चांगल्या पत्रिका शोधून दिल्या. तो लेख पुढे रीतसर छापून आला आणि त्यांनी ग्रंथालयात सर्वांना पेढे वाटले.

माझे वडील कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. ते आजारी पडले तेव्हा माझ्या प्रकल्पाचा अहवाल द्यायची वेळ अगदी जवळ आली होती. ताई रुग्णालयात आल्या, माझा फोन मागून घेतला, त्यावर ग्रंथालय उघडून दिले आणि म्हणाल्या, “तुम्ही बाबांजवळ बसा. जे छापील लागेल ते मी स्कॅन करून पाठवते.” मागेन ते प्रकरण दुपारपर्यंत येत असे. एक दिवस त्या डबाही घेऊन आल्या. ताईंना स्वयंपाक येत नाही, हे या ग्रंथात दुसरे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. बाबांनी ती आमटी मुकाट्याने संपवली आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, “बाई सोन्यासारखी आहे, पण उद्या डबा घरचाच आण.” त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा मी हसले. ताईंचे ते ऋण मला फेडायचे नाही, जपून ठेवायचे आहे.

आता त्या ‘टेबलावर ठेवा’विषयी. ग्रंथालयात बसून वाचलेली पुस्तके टेबलावर राहिली, तर संध्याकाळी कर्मचारी ती गोळा करून त्यांची नोंद करतात आणि मग जागेवर लावतात. वाचकाने स्वतःच पुस्तक परत कपाटात ठेवले, तर ते कुणी वाचलेच नाही असा त्याचा अर्थ होतो. हे ताई वर्षानुवर्षे ओरडून सांगत होत्या आणि आम्ही वर्षानुवर्षे ऐकत नव्हतो. मराठी विभागात येणारी मंडळी तर फारच शिस्तीची. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक देशपांडे सर त्यांत अग्रणी. ‘घडियाळी पोळ’ या जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीत वाढलेले सर पुस्तक नुसते जागेवर ठेवत नसत, शेजारची चार पुस्तकेही सरळ करत.

या सुसंस्कृतपणाची फळे आम्हाला काही वर्षांपूर्वी मिळाली. वरच्या मजल्यावर संगणकांसाठी जागा हवी होती आणि मराठी विभाग गावाबाहेरच्या गोदामात हलवावा, असे ग्रंथालय समितीपुढे आले. समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे, सरळ मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, “बेन, आ विभाग तो कोई वापरतुं नथी.” हा विभाग कुणी वापरत नाही, हे नोंदी पाहता खरेच होते. गोदामात गेलेली पुस्तके परत येत नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. माझे अर्धे काम अजून व्हायचे होते, देशपांडे सरांचे सगळे आयुष्य त्या कपाटांत होते आणि ताईंना तर आपल्या हातून हा विभाग बंद होणार, ही कल्पनाच सहन होत नव्हती. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकले.

आमच्यापैकी एकांनी उपाय सुचवला. आपण सगळ्यांनी भराभर पुस्तके घरी न्यावीत आणि दुसऱ्या दिवशी परत करावीत, म्हणजे आकडा फुगेल. ताईंचा आवाज लगेच पूर्ववत झाला. “खोटा आकडा माझ्या सहीने जाणार नाही! वाचता ना तुम्ही? मग वाचलेलं दिसू द्या. एवढंच करा.” त्यांनी समितीकडून एका सत्राची मुदत मागून घेतली आणि पुन्हा विभागाविभागांत फिरल्या. सांगणे एकच होते, वाचा आणि पुस्तक टेबलावर सोडून जा.

सर्वांत जड गेले ते देशपांडे सरांना. पुस्तक उघड्यावर टाकून उठणे त्यांच्याच्याने होईना. जिन्यापर्यंत जात आणि परत फिरत. शेवटी ताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहू लागल्या. “सर, हात मागे बांधा. आता चला. मागे वळून बघायचं नाही.” आणि सर शाळकरी मुलासारखे मान खाली घालून निघत. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत असू, पण आमचीही गत फार वेगळी नव्हती.

सत्र संपताना अध्यक्ष स्वतः वर आले. टेबले भरलेली होती. त्या पुस्तकांमागे माणसे कोण होती, ते तेव्हाच कळले आणि आम्ही मराठी मंडळीही चकित झालो. संगीत विभागातले गुजराती अध्यापक होते, वास्तुशास्त्रातल्या पटेल मॅडम होत्या. जुन्या वाड्यांच्या बांधकामाविषयी त्या अक्षर अक्षर लावत मराठीतून वाचत होत्या. अध्यक्षांनी त्यांना विचारले, इतके दिवस तुमची नोंद कशी नाही? त्या संकोचून म्हणाल्या, “सर, बीजानुं घर ने! दुसऱ्याच्या घरातली वस्तू, म्हणून नीट जागेवर ठेवून जायची मी.” ताईंनी त्यांचा हात धरला. “पटेलबेन, घर तुमचंच आहे. आता पसारा करायचा.” मराठी विभाग गोदामात गेला नाही. तो खालच्या मजल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर आला आणि आजही तिथेच आहे.

यंदा ताईंची एकसष्टी आहे आणि त्या निवृत्तही झाल्या. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणे सगळे रीतसर झाले. मंडळी चहाकडे वळली तशा ताई मराठी विभागात गेल्या, एक पुस्तक काढून खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसून वाचताना मी कधी पाहिले नव्हते. मग त्या उठल्या, पुस्तक टेबलावर ठेवले आणि मागे न बघता निघून गेल्या. सवयीने देशपांडे सरांचा हात त्या पुस्तकाकडे गेला. पटेल मॅडमनी तो अलगद धरला.

ताई, तुमची प्रकृती उत्तम राहो, दृष्टी आणि आवाज दोन्ही असेच खणखणीत राहोत आणि तुमची ती सावकाश स्कूटर अजून खूप वर्षे ग्रंथालयाच्या दारी लागत राहो. आता तुम्ही वाचक आहात. रोज या, पोटभर वाचा आणि पुस्तक टेबलावर ठेवून जा. नोंद करायला आम्ही आहोत.