ताईची ढगाळ भिंत

डोंबिवलीत आमच्या ताईने गाळा घेतला तेव्हा बिल्डरने तिला शटरची किल्ली दिली आणि तीन नागड्या काँक्रीटच्या भिंती. चौथ्या बाजूला शटरच होतं. गिलावा नाही, रंग नाही, साच्याच्या पत्र्यांचे जोड भिंतीवर तसेच उमटलेले. गाळे असेच मिळतात म्हणे. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

ताईला तिथे पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. ही गोष्ट ती इतकी वर्षं बोलत होती की आम्ही ऐकणं सोडून दिलेलं. नोकरी, मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंचं आजारपण असं एकेक उरकत ती रिटायर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला की बाई गंमत करत नव्हती.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. माणूस चांगला, पण निवृत्तीनंतरही कोर्ट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरी सुद्धा निकाल देतात. त्यांनी ताईला सांगून टाकलं, "दसऱ्याला उघडलंस तर गाळा तुझा. नाहीतर तो मोबाईल-कव्हरवाला भाड्याने मागतोय, त्याला देऊन मोकळे होऊ. तारीख वाढवून मिळणार नाही."

तसं सगळं जमत आलं होतं. शेगड्या आल्या, ओट्यामागे टाइल्स बसल्या, पोळ्या लाटायला दोन बायका ठरल्या. राहिली होती ती काउंटरमागची मोठी भिंत, गिऱ्हाइकाच्या थेट नजरेत येणारी. आणि त्या भिंतीसाठी, दसरा सहा दिवसांवर आलेला असताना, ताई घोडबंदर रोडवर आमच्या घरी आली. ट्रॅफिकमुळे ती निम्मी दमूनच आली होती, पण पाणीही न पिता तिने फोनवर एक व्हिडिओ लावला. कुणी परदेशी दाढीवाला काँक्रीटच्या भिंतीवर रुंद ब्रशने आडवं-तिडवं काहीतरी फासत होता आणि भिंतीवर हळूहळू ढग उतरत होते.

"याला लाईमवॉश म्हणतात," ताई म्हणाली. "मला अशी भिंत हवी."

"लाईम म्हणजे चुना!" मी सोफ्यावरून उठलोच. "अगं, लहानपणी मोहने गावातल्या क्वार्टरमध्ये बाबा दर दिवाळीला मारायचे तोच! हा दाढीवाला मला काय शिकवणार? चुना माझ्या रक्तात आहे."

"एकदा तुझ्या डोळ्यांत गेला होता," ताई म्हणाली. "रक्तातलं मला माहीत नाही."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतीचा आवाज आला, "ताई, आमच्याकडे खिळा ठोकायला सुद्धा माणूस येतो हं. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेलेलो. खरं सांगायचं तर मोहन्याच्या त्या दिवाळ्यांतलं मला एवढंच आठवत होतं: पत्र्याच्या डब्यात खदखदणारा चुना, 'लांब व्हा रे' म्हणून ओरडणारे बाबा, आणि शिडी धरून उभा असलेला मी. म्हणजे माझा चुन्यातला सगळा अनुभव शिडी धरण्याचा. पण माणूस पन्नाशीला आला की शिडी धरलेल्यालाही वाटू लागतं, वर आपणच चढलो होतो.

शनिवारी कल्याणच्या जुन्या बाजारातून चुना आणला, पत्र्याच्या डब्यात रात्रभर भिजवला. रविवारी सकाळी तो जुन्या सुती साडीतून गाळला. बाबा त्यात मीठ आणि डिंक घालायचे, हे ताईला आठवलं. मला नाही आठवलं, पण मी "अर्थात" म्हणालो. ताकाइतकं पातळ करून, भिंतीवर आधी पाणी मारून, मी कुंचा उचलला आणि त्या दाढीवाल्यासारखे आडवे-तिडवे हात मारत सुटलो.

काहीच दिसेना. भिंत आंघोळ केल्यासारखी ओली झाली, गोरी काही झाली नाही.

"तो म्हणतो, आता थांबायचं," ताई फोनमध्ये बघत म्हणाली. "वाळल्यावरच पांढरं दिसतं म्हणे."

"त्याला दसरा नसतो," मी म्हणालो.

आणि मी दुसरा हात मारला. तरी भिंत करडीच. मग मी डब्यातलं पाणी कमी करत गेलो. ताकाचं दही झालं, दह्याचं श्रीखंड. संध्याकाळपर्यंत मी त्या भिंतीला श्रीखंडाचे थरावर थर चढवले. भिंत ओलीगच्च आणि करडी ती करडीच. ताईने फोन पर्समध्ये टाकला होता. मी तिला म्हटलं, "सकाळी बघ तू." दिवसभरात मी बोललेलं हे एकच वाक्य खरं ठरलं.

सकाळी तिने मला बोलावून घेतलं. आम्ही शटर वर सरकवलं तर आत लख्ख उजेड. भिंत अशी पांढरीशुभ्र, की डोळे बारीक करावे लागले. मी कमरेवर हात ठेवून "काय!" म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि भिंतीवरून बशीएवढा एक पोपडा खाली पडला. मग शेजारचा. श्रीखंड वाळताना सगळी भिंत तडकली होती, शटरचा धक्का फक्त निमित्त. उन्हात वाळत घातलेल्या पापडांसारखे पोपडे कडा वर करून बसले होते.

ताईने खाली पडलेला पोपडा उचलला. जिथे तो पडला होता, तिथेच पोळ्यांची टोपली ठेवायची होती.

"हे माझ्या पोळ्यांत पडणार," ती म्हणाली आणि उलट्या क्रेटवर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "इतकी वर्षं मी उगाचच बडबडत होते का रे?"

मी वाकून पोपडे गोळा करायला लागलो. तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन भाऊजी आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक पोपडा उचलून उजेडात धरला.

"मेव्हणे, हा पोह्याचा की उडदाचा?"

कुणीच हसलं नाही. भाऊजी बाहेर गेले आणि फोनवर बोलताना ऐकू आले, "हो, गाळा अजून आहे. उद्या संध्याकाळी बघून जा."

दुपारी सौभाग्यवती आली. तिने ओढणी कमरेला खोचली, केंद्रासाठी आणलेल्या नव्याकोऱ्या उलथन्यांतली दोन काढली, एक ताईच्या हातात दिलं आणि दोघी पोपडे खरवडायला लागल्या.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही शिडी धरा," ती म्हणाली.

मी धरली. धुळीने आम्ही तिघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. श्रीखंडाचे थर भराभरा उतरले, पण पहिला, ताकाचा हात मात्र काँक्रीटला असा घट्ट चिकटला होता की उलथन्याला दाद देईना. कुठे पांढरा, कुठे करडा, कुठे पांढरट विरत गेलेला. ओल्या फडक्याने पुसलं तरी तो राहिलाच. शेवटी ताई लांब जाऊन उभी राहिली.

"याला ढग म्हणायचं का?"

"ढगच की," सौभाग्यवती म्हणाली. "जरा पावसाळी."

ताई किंचित हसली, पण तिचं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळवर होतं. माझंही.

दुसऱ्या दिवशी कव्हरवाला आला. पंचविशीतला मुलगा, तीन फोन बाळगणारा. त्याने शटर वर-खाली करून बघितलं, फरशीवर पाय आपटून बघितला, रस्त्यावरून गाळा कसा दिसतो ते बघितलं. भाऊजी मागोमाग, हात पाठीशी बांधून. ताई ओट्याशी उभी राहून शेगडी पुसत होती, जी मुळात स्वच्छच होती. मग मुलगा भिंतीपाशी थांबला. बोट फिरवलं. बोटावर पांढरं आलं.

"काका, इथे लिकेज आहे ना."

"काय?"

"लिकेज. हे बघा ना, क्षार बाहेर आलेत. आमच्या घरी सेम आहे, बाथरूमच्या बाजूला. वरती कुणाचं बाथरूम आहे?"

"लिकेज? माझ्या गाळ्यात लिकेज?" भाऊजींचा आवाज कोर्टात शोभेलसा चढला. "अहो, नवी बिल्डिंग आहे! हा लाईमवॉश आहे, लाईमवॉश! मुद्दाम करून घेतलाय. परदेशात लोक घरोघरी करतात!"

"म्हणजे लिकेज मुद्दाम काढून घेतलं?"

"लिकेज नव्हे हो, ढग आहेत ते! जरा लांब उभं राहून बघा. नाही, अजून लांब. दिसले?"

मुलगा पार शटरपर्यंत मागे गेला. त्याने डोकं वाकडं करून प्रामाणिकपणे बघितलं. "काका, मला पाणीच दिसतंय. माझ्याकडे चार्जर-इअरफोनचाही माल असतो. रिस्क नको. आणि भाडं थोडं कमी..."

"भाड्याने द्यायचाच नाहीये गाळा!" भाऊजी गरजले. "इथे पोळी-भाजी केंद्र होणार आहे. परवा दसऱ्याला उद्घाटन. हिच्या हातची पोळी खाऊन बघा, मग बोला लिकेजबद्दल!"

"मग मला बोलावलं कशाला?"

भाऊजी घसा खाकरून शटरचं कुलूप तपासायला लागले. ताईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी स्वतःचाच निकाल फिरवलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. ताईने शेगडी पुसणं थांबवलं.

"बस रे," ती त्या मुलाला म्हणाली. "चहा घेऊन जा. आणि परवा ये जेवायला."

तो खरंच आला. दसऱ्याला दुपारी केंद्रासमोर बऱ्यापैकी गर्दी झाली. झेंडूचं तोरण, ओट्यावर वाफाळती बटाट्याची भाजी, आणि काउंटरवर नवा निळा झब्बा घालून भाऊजी. पहिल्याच गिऱ्हाइकाने, एका आजोबांनी, पिशवी पुढे करत विचारलं, "मागे लिकेज झालंय का हो?" भाऊजी जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी लाईमवॉश म्हणजे काय, पहिला हात ताकाइतकाच पातळ का हवा, घाईगर्दी केली तर काय होतं, हे सगळं भिंतीला आरामात टेकून सांगितलं. 'घाईगर्दी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग आजोबांसाठी पोळ्या आणायला ते वळले, तेव्हा निळ्या झब्ब्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरे ढग उमटले होते. व्हिडिओतल्यापेक्षा सुरेख. कव्हरवाल्या मुलाने तोंड उघडलं तसा मी त्याच्या पानात आणखी भाजी वाढली. ताईने त्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसू दाबत, तव्यावर फुगलेली पोळी उतरवून भाऊजींच्या हातात दिली.