दिग्याने न काढलेलं वर्तुळ

उषावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका टीव्हीची पाठ उघडून बसलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" ... बावळट प्रश्न. पण दिग्या कुणी बोलावलं म्हणून मुकाट कुठे गेल्याचं मला आठवतच नव्हतं. वरून हुकूम आला की त्याच्या अंगावर पुरळ उठायचं. आता दीड महिना झाला. भेटायला येणारे "देवाची मर्जी" म्हणतात आणि मी त्यांच्याशी भांडतो. मर्जीबिर्जी काही नाही. हृदय बंद पडलं, आणि ते पडायला नको होतं. यात माझी कुणी समजूत घातलेली मला चालणार नाही.

दिग्या म्हणजे ठाण्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा दिगंबर. डोंबिवलीत माझ्या मागच्या गल्लीत राहायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, फोनचा अर्ज केलेल्या माणसाला नातू झाला तरी घरी फोन यायचा नाही, त्या काळात या गृहस्थाने बिनतारी यंत्रांचं असं जाळं विणायला घेतलं, की ज्यात मुख्य स्टेशनच नाही. पत्र्याच्या डब्यात एक वायरलेस सेट, एक छोटा कॉम्प्युटर, खाली गाडीची बॅटरी. असे सात डबे. प्रत्येक डबा थोड्या थोड्या वेळाने आजूबाजूला विचारणार, "कोण आहे रे?" जो ओ देईल तो शेजारी. निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणार, आणि एखादा गप्प झाला तर बाकीच्यांनी आपापसांत ठरवून दुसरी वाट काढायची. माणसाने मधे हात घालायचा नाही. यावर त्याला पीएचडी करायची होती. परवान्याचा कागद कॉलेजने मिळवला, डब्यांतल्या तारांना सोल्डरिंगचे डाग मी दिले. त्याच्या गच्चीवर एरियलच्या इतक्या काठ्या उभ्या राहिल्या, की घारी मानपाड्यावरून वळसा घालून जायच्या. मी कुठलीही गोष्ट दहापटीपेक्षा जास्त फुगवत नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील.

डोंबिवली आणि ठाण्याच्या मधे डोंगर आडवा. लहरी त्यावर डोकं आपटून परत यायच्या. म्हणून खाडीच्या वळणावर धर्मा नाखवाच्या होडीत एक डबा ठेवलेला. सगळी भिस्त त्या डब्यावर. प्रयोग दाखवायचा दिवस उजाडला. ठाण्याला कॉलेजात मार्गदर्शक सर, बाहेरून आलेले एक परीक्षक, दिग्या आणि त्याचा तंत्रज्ञ म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेला मी. डोंबिवलीहून उषावहिनी निरोप पाठवणार होत्या. आणि ऐन वेळी पडद्यावर होडीचा डबा गप्प! सरांनी घड्याळ पाहिलं, मी देव पाहिले, परीक्षकांनी तिसरा चहा मागवला. दिग्या म्हणाला, "थांबा. त्यांचं त्यांना ठरवू द्या." काही मिनिटं गेली... माझ्या हिशेबाने तीन वर्षं. मग पडद्यावर अक्षरं उमटली : "मसालेभात झालाय. येताना दही आणा."

निरोप कुठल्या वाटेने आला ते तपासलं तर डोंबिवलीहून मानपाड्याच्या कारखान्यातला डबा, तिथून दिवा गावच्या खाडीकाठच्या खोपटीतला, आणि पुढे चक्क होडीचाच डबा. पण त्याचे शेजारी नवे, म्हणजे जागाही नवी! दिग्याने कपाळावर हात मारला. नाखवाच्या पुतण्याची हळद होती त्या दिवशी, कळव्याला. आम्ही स्कूटर तिकडे पिटाळली. मांडवात, मानाच्या पाटावर, पिवळाधम्मक डबा. एरियलला झेंडूची माळ.

"नाखवा, डबा होडीतून का काढलात?" दिग्या ओरडला.

"आवं सायेब, होरीवरचा गडी हाय त्यो," नाखवा शांतपणे म्हणाला. "हलदीला होरीवरचा सगला गडी येतो. याला एकल्याला मागं ठेवला तं उद्या जाल्यात मासा तरी घावंल का?"

दिग्या इतका हसला की मांडवातल्या बायकांनी गाणं थांबवलं. योग असा जुळून आला, की नाखवाने जे नकळत बिघडवलं ते डब्यांनी आपलं आपण सावरलं. याहून मोठा पुरावा कोण देणार? पण दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "कुणाच्या आदेशाने वाट बदलली?"

"कुणाच्याच नाही, सर. त्यांनी आपसांत ठरवलं."

"म्हणजे जाळं कुणाच्या ताब्यात नाही? असं कसं चालेल?" त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि सात ठिपक्यांच्या नकाशात बरोब्बर मधे एक वर्तुळ काढलं. "इथे मुख्य केंद्र दाखवा. मी सही करतो."

बाहेर आल्यावर मी त्याला विनवलं, "अरे दिग्या, राहू दे ते वर्तुळ! एवढंसं तर आहे. मी रोज गिऱ्हाइकाला यापेक्षा मोठं सांगतो."

"तू असलेलं फुगवतोस रे," तो म्हणाला. "हे नसलेलं आहे. हे ठेवलं तर डब्यांनी काहीच केलं नाही असं होतं."

त्याने ते खोडलं. सही झाली नाही. मागून आलेले पुढे गेले, हा लेक्चररचा लेक्चरर राहिला आणि दरवर्षी नव्या पोरांना तोच नकाशा फळ्यावर काढून दाखवत राहिला. त्याला हरलेला म्हणणाऱ्याने माझ्या दुकानात पाऊल ठेवू नये.

गेल्या आठवड्यात कॉलेजातले दोघे स्मरणिकेसाठी घरी आले. मीही होतो. नकाशा छापू म्हणाले, नावामागे डॉक्टरही लावू. फक्त मधे रिकामं दिसतं, वाचकांचा गोंधळ होईल, तेव्हा एक छोटंसं वर्तुळ... पेन माझ्यापुढे धरलं. थापांवर आयुष्य काढलेला माणूस मी. हात पुढे गेला आणि तिथेच अडला. उषावहिनींनी कपाटातून मूळ कागद आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. सरांचं वर्तुळ दिग्याने इतक्या जोरात खोडलं होतं, की मधे रुपयाएवढं भोक पडलं होतं. पलीकडचं आभाळ दिसत होतं त्यातून.

"काढा वर्तुळ," वहिनी म्हणाल्या. "कुठे काढताय?"

वहिनींनी कागदाची घडी न करता तो त्यांच्या हातात दिला. "छापायचा तर असाच. भोकासकट. आणि नावामागे काही लावू नका."