सरणाची लाकडं

वादळात पडलेला गुलमोहर फोडायला आज एक माणूस कुऱ्हाड घेऊन आला आहे. त्याच्या प्रत्येक घावाला मी खिडकीत दचकते आहे.

माझ्या आजोबांचे घाव असेच बसत. मुंगी चिरडली तरी कान पकडणारे ते माळकरी. पण गावात कुणी गेलं की आधी त्यांची कुऱ्हाड निघायची. जात, भाऊबंदकी काही न बघता त्यांनी प्रत्येकाच्या सरणाची लाकडं फोडली. घावागणिक ‘विठ्ठल’ म्हणत, पण असं, की जणू त्याच्यावरच कुऱ्हाड उगारली आहे. इतकी रागीट भक्ती मी पुन्हा पाहिली नाही.

आजी गेली तेव्हा सगळे म्हणाले, "नाना, आज तुम्ही बसा." ते ऐकेनात. ढलप्या उडत होत्या, तळहात फुटून दांडा रक्ताने माखला होता, तरी ते ओंडक्यांवर तुटून पडत होते. शेवटी काका ओरडले, "नाना, एवढी बारीक कशाला फोडताय? सरणाला जाड लाकूड लागतं, तुम्हाला का ठाऊक नाही?"

आजोबांनी पुढचा घाव घातला.

"जाड लाकूड धुमसतं. जन्मभर चुलीपुढं खोकली ती. आज तरी धूर नको."