टाकीतला अंधारा कोपरा

आमचे भावोजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत त्यांचं ऐकून घ्यायला पोरं होती, आता दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली प्रवाळं आहेत. टाकीत खडकाखाली एक कोपरा आहे. तिथे उजेड जेमतेम आणि पाणी जवळजवळ हलतच नाही. नेमकं तिथेच यांनी लख्ख उजेड मागणारं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ लावलं. पंधरा दिवसांत ते पांढरंफटक पडलं.

दुकानदार म्हणाला, "सर, तिथे मशरूम प्रवाळ लावा. त्याला मंद उजेड आणि संथ पाणीच मानवतं."

पण दुसऱ्याचं ऐकतील तर ते भावोजी कसले! आणखी दोनदा तेच लावलं, दोनदा मारलं. मग उजेड मोजायचं यंत्र आणलं, टाकीचा कोपरान्‌कोपरा मोजला आणि "प्रत्येक जिवाला मानवेल अशी जागा द्यावी लागते" यावर मला तासभर पिळलं. शेवटी मशरूमच लावलं, आणि शोध आपणच लावल्यासारखे मिरवले.

परवा ताईने ते यंत्र स्वयंपाकघरात नेलं. तिथे ना खिडकी, ना पंखा, एक पिवळा दिवा. ओट्यावर यंत्र धरून तिने आकडा कागदावर लिहिला आणि भावोजींपुढे ठेवला. त्यांना वाटलं, टाकीतलाच आकडा आहे. चष्मा लावून त्यांनी निकाल दिला, "छे! इथे मशरूमसुद्धा जगणार नाही."

"एकतीस वर्षं मी तिथेच उभी आहे," ताई म्हणाली.