पर्यायी जागा

भूकंपाच्या दिवशी आजी, म्हणजे माझी बायको, चुकीच्या जागी जाऊन उभी राहिली, अशी गोष्ट आमच्या घरात सांगतात. ती मीच पसरवली आणि ती खोटी आहे.

मुंबईच्या बँकेत आपत्तीनंतर कामकाज पुन्हा उभं करण्याच्या योजना मी आखायचो. मुख्य केंद्र बंद पडलं तर पर्यायी केंद्र. आमचा सराव कधीच फसला नाही, कारण तो कधी होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. निवृत्तीनंतर जपानमध्ये, एदोगावात मुलाकडे आलो आणि ही विद्या घरावर चालवली. भूकंपात फोन लागत नाहीत, म्हणून सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या बागेत जमायचं. बागेत जाता येत नसेल, तरच नातीच्या शाळेत.

जमीन हादरली, गाड्या थांबल्या. बायको सायकलवरून भाजी आणायला गेली होती. मी जिने उतरलो. बाग मोकळी होती, पण वारा बोचरा होता. शाळेत हॉल होता. मी शाळेत गेलो. तिथे कुणीतरी गरम चहा दिला. तो पीत मी बायकोच्या बेशिस्तीवर चडफडत बसलो.

तोयोसुच्या ऑफिसातून चालत आलेल्या मुलाला ती बागेत सापडली, गारठलेली. तो तिला शाळेत घेऊन आला, तेव्हा ती काही बोलायच्या आधीच मी गरजलो, "शाळा सांगितली होती ना!" आवाज बँकेतला होता. सगळ्यांना पटलं. तिलाही.

"वय झालं, विसरते मी," ती म्हणाली. मी सायकलची किल्ली काळजीने माझ्या कपाटात ठेवली. ती एकटी बाहेर पडेनाशी झाली.

परवा जेवताना सून म्हणाली, "आईंची स्मरणशक्ती तपासून घ्यायची का? त्यांचा स्वतःवर भरवसाच राहिला नाही."

"तपासायचीच तर माझी नियत तपासा," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी बरोबर जागी होते?" बायकोने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही चहा पीत होतात?"

"एकच कप."

"आजोबा, दामे!" नातीने जपानीत दटावलं. लहानपणी तिने भिंतीवर रेघोट्या मारल्या की आम्ही तिला हेच म्हणायचो.

बायकोने हात पुढे केला. "किल्ली द्या."

दुसऱ्या दिवशी ती सायकल घेऊन गेली ती जेवणाची वेळ टळली तरी येईना. फोनही उचलेना. मी गॅलरीत येरझारा घालत होतो. अखेर आली, टोपलीत मेथी घेऊन.

"अगं, होतीस कुठे?"

"बागेत," ती म्हणाली. "म्हटलं, आज तरी येताय का बघावं."