पुढे केलेला तळहात

आमच्या वारज्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतःच हसायचे आणि लगेच तळहात पुढे करायचे, "द्या ना जी टाळी!"

आम्ही पुणेकर टाळ्या वाजवतो त्या आरतीत, नाहीतर मैफलीत, तेही गाणं आवडलं तर. जिन्यात टाळी म्हणजे अतीच. मी उजव्या हातातली पिशवी दाखवायचो. मग ते आपली टाळी आपणच वाजवून घ्यायचे आणि हसत वर जायचे.

यंदा नळाचं पाणी बंद झालं. टँकर मागवून मागवून सगळे कावले. आम्ही खरमरीत अर्ज धाडले. हे मात्र रोज पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाऊन साहेबांना विनोद सांगत बसायचे. विचारलं की म्हणायचे, "साहेब अजून टाळी देत नाहीत."

एका दुपारी ते फाटकातूनच ओरडत आले, "दिली! साहेबांनी टाळी दिली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या नळाने आधी फुसफुस केली, मग धो धो पाणी सोडलं. गॅलऱ्यांतून लोकांनी टाळ्या पिटल्या. हे भरलेली बादली घेऊन जिना चढत होते. मी आडवा आलो आणि तळहात पुढे केला.

"अहो, द्या टाळी!"

त्यांनी बादली सोडूनच दिली. पाणी पायऱ्यांवरून खळाळत गेलं आणि टाळी गच्चीपर्यंत घुमली.

तेव्हापासून मी पिशवी डाव्या हातात धरतो.