चाचांचा फ्लेक्स

माझं भोरला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणुका, दशक्रिया, तालुक्यातली निम्मी तोंडं मीच छापली असतील. शेजारच्या गाळ्यात चाचा गाद्या शिवायचे. वीस वर्षांचा शेजार, सकाळचा पहिला चहा रोज एकत्र. पण त्यांच्या भिंतीवर कधी माणसाचं चित्र दिसलं नाही, कॅलेंडरसुद्धा नुसत्या आकड्यांचं. तसबीर लावली की घरात फरिश्ते येत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा.

"मग माझ्या दुकानाचं काय हो चाचा?" मी मुद्दाम विचारायचो.

"तुझ्याकडं गिऱ्हाईकं येत्यात न्हवं? फरिश्ते कशाला पायजेत तुला!" म्हणून स्वतःच खो खो हसायचे. त्यांचे सख्खे मेहुणे रोज मोबाईलवर स्वतःचे फोटो टाकायचे, त्यांना कधी एका शब्दानं बोलले नाहीत. ज्याचं त्यानं बघावं, एवढंच म्हणायचे.

एकदा बँकेच्या फॉर्मला फोटो लागला, तेव्हा नाइलाजानं माझ्या मोबाईलसमोर बसले. "गरजेपुरता चालतो," म्हणाले. माझ्याकडं त्यांचा तेवढा एकच फोटो.

मागल्या उन्हाळ्यात चाचा गेले. कब्रस्तानात मीही मूठभर माती दिली, पण जीव काही ठिकाणावर येईना. आमच्याकडं माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. नाही लागला तर लोक म्हणतात, याला कुणी नव्हतं का? मी तोच फोटो मोठा केला, भोवती झेंडूचा हार टाकला आणि एसटी स्टँडासमोर टांगला. लांबून बघितलं तर छातीच फुगली माझी. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी चाचींचा निरोप आला. त्या इद्दतीत होत्या. नवरा गेला की त्यांच्यात बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. दाराला पडदा होता. मी बाहेर पायरीवर बसलो. वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"बाबा, तेवढा उतरव," आतून आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. "चाची, ते तुमचेच होते का? आमचे कुणीच नव्हते?"

"तुझेच व्हते, म्हणून तर तुला बोलावलं. दुसरं कुणी ओढून काढंल, तू हळू उतरवशील. जन्मभर ज्यांनी भिंतीवर तोंड लावलं न्हाई, त्यांना तू हार घालून चौकात हुबं केलंस. आन् पावसाळ्यात ह्ये फ्लेक्स कुठं जात्यात, ते तुला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक कसं नसणार! हिर्डोशीपर्यंतच्या गोठ्यांवर माझेच फ्लेक्स अंथरलेले असतात, छापलेल्या तोंडांवर कोंबड्या फिरतात.

"उतरवतो," मी म्हणालो.

"मोबाईलमधला बी पूस."

ते मात्र लागलं. "तो राहू द्या, चाची. एकच आहे हो."

"त्यांनी बँकेपुरता दिला व्हता. आपल्या हौसेसाठी न्हाई."

मी फोटो उघडला, पण बोट पुढं जाईना. तेवढ्यात पडद्याबाहेर हात आला.

"थांब. आदी हिकडं दे."

मोबाईल आत गेला.

"कॉलर वाकडी बसलीय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरनं निघताना म्या बघितलंच न्हाई."

मोबाईल परत माझ्या हातात आला. "पूस आता."

मी फोटो पुसला. मग पडद्याआड त्या आणि पायरीवर मी, दोघंही मोठमोठ्यानं रडलो.